हात कुठे ठेवायचे

सुपडू पाटील फार चांगलं रडायचा. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण त्याची ओळख करून द्यायची तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. त्याच्या गावी, सावद्याला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला वही व्हायची. वही म्हणजे डफावरची गाणी आणि मध्ये मध्ये सोंगं. सासरहून माहेरी आलेल्या लेकी पुढे बसायच्या, म्हातारी माणसं मागे. त्यात सुपडूचं सोंग ठरलेलं होतं. नवरा विहिरीत बुडून मेला आहे अशी बाई. सुपडू लुगडं नेसून, केस मोकळे सोडून यायचा, मातीत बसायचा आणि सूर काढायचा, "उठा ना धनी, बैल खोयंबले दारी." मागून झील धरणारे ओढायचे, "खोयंबले दारी." बस, एवढंच. पण दुसऱ्या खेपेला लेकींचे पदर डोळ्यांना लागलेले असायचे आणि मागे बिड्या विझलेल्या असायच्या. मी ते पाहिलं आहे.

केस त्याचे स्वतःचे होते. सोंगासाठी वाढवलेले, खांद्याच्या खाली चांगले वीतभर. एरवी त्यांचा आंबाडा बांधून त्यावर तो टोपी घालायचा. ती टोपी सारखी वर उचलल्यासारखी दिसायची, जणू आत काहीतरी झाकून ठेवलं आहे.

पंचावन्न-छप्पन सालच्या सुमारास हा माणूस कॉलेजात शिकायला जळगावला आला आणि पिंप्राळ्याला आमच्या पडवीत राहू लागला. पिंप्राळा तेव्हा खेडंच होतं, रेल्वेचं फाटक ओलांडलं की जळगाव. माझे वडील कापसाच्या जिनात कामाला होते. आमच्या घराण्यात कोणी सहीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मी बी.ए. झालो. हे मी जिथे जागा मिळेल तिथे सांगतो, इथेही सांगून टाकलं.

सुपडू आणि मी एकाच वर्गात होतो. पहिल्या दिवशी हजेरीला त्याचं नाव आलं तेव्हा शहरातली पोरं हसली. इंग्रजी शिकवणारे वैद्य सर पुण्याकडचे, त्यांनाही ते नाव नवीन होतं. आमच्याकडे आधीची मुलं जगली नाहीत की नवं पोर सुपात घालून दुसऱ्याच्या दारात ठेवतात आणि मागून आणतात, म्हणजे ते आपलं नाहीच असं देवाला वाटावं. सर म्हणाले, "असं नाव का ठेवलं रे?" सुपडू उभा राहून म्हणाला, "सर, माझ्याआधीच्यांची नावं चांगली होती. ती टिकली नाहीत." मग कोणी हसलं नाही.

तो बोलायचा असाच, जणू बाजारभाव सांगतो आहे. खिशात कायम भाजलेल्या शेंगा. लिहायचा कमी, ऐकायचा फार. विशेषतः रडणं ऐकायचा. गल्लीत कोणाकडे मयत झाली आणि बायकांचा सूर उठला की याचा हात शेंगेवरच थांबायचा. मान थोडी तिरपी व्हायची. "ही सून हाये," तो म्हणायचा. "लेक वरून सुरू करते आन खाली येते. सून खालूनच चालते." माझी आई संतापायची. मेल्या, लोकांच्या घरी काय झालंय आणि तुला सूर सुचताहेत, म्हणून ती त्याला हातातलं जे असेल ते दाखवायची. पण रविवारी तो विहिरीवर शिकेकाईने केस धुऊन उन्हात वाळवत बसला की तीच आपली फणी त्याला द्यायची. "लग्न झाल्यावर तुझ्या बायकोला फणी मिळायची नाही रे," असं म्हणायची. तो म्हणायचा, "मावशी, तिच्यासाठी दुसरी घीन."

त्याची आई लहानपणीच गेलेली. त्याला वाढवलं आत्याने, तिला सगळे अक्का म्हणत. वडील नाना. नानांची सावद्याला केळीची बाग होती, फार मोठी नाही. नाना सुपडूशी सरळ बोलत नसत. एकुलत्या मुलाने बाईचे केस वाढवून चारचौघांत रडावं हे त्यांना सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं होतं. पण शेतीचं काम बोलल्याशिवाय होत नाही. घरात तिसरं माणूस असलं तर ते त्याच्यामार्फत सांगत, नसलं तर बैलामार्फत. मी एकदा सुट्टीत सावद्याला गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. नाना बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सांग रे त्याले, पाट फोडायचा हाये." सुपडू दुसऱ्या बैलापाशी होता. तो त्या बैलाला म्हणाला, "हो म्हना त्याहीले." मला हसू आवरेना. त्या दोघांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आखाजीच्या रात्री नाना घरी थांबत नसत. घोंगडी घेऊन बागेत झोपायला जात. मी गेलो होतो त्या वर्षी निघताना मात्र ते बैलापाशी थांबले आणि म्हणाले, "इचार त्याले. मी जिता असताना इतला रडते, मेल्यावर काय करशीन?"

सुपडूने बैलांपुढे चारा टाकला आणि लुगडं नेसायला आत गेला.

कॉलेजच्या संमेलनात वैद्य सरांनी त्याचं सोंग पाहिलं आणि त्यांनी त्याला धरलं. मुंबईच्या एका संस्थेत नाटकाचं शिक्षण देणार होते, दोन वर्षं, राहण्याजेवण्यासकट. त्यासाठी मुलं निवडायला परीक्षक धुळ्याला येणार होते. पूर्व आणि पश्चिम दोन्ही खानदेशांतल्या मुलांनी तिथे जाऊन प्रत्येकी एक प्रवेश म्हणून दाखवायचा. निवड झाली तर मुंबई. नाही झाली तर सुपडूला बाग होतीच, आणि बागेतले बैलामार्फतचे निरोप होते. दुसरी वाट त्याला नव्हती. इंग्रजीत तो पास होईल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं.

सरांनी त्याला शेक्सपिअरच्या नाटकातलं एका राजाचं स्वगत दिलं. लढाई तोंडावर आली आहे, राजाला निरोप येतो की राणी मेली, आणि तो त्यावर चार शब्द बोलतो. सरांचं म्हणणं असं की गावठी सोंगं परीक्षकांनी पुष्कळ पाहिली असतील. खेड्यातला मुलगा शेक्सपिअर म्हणतो म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ बसतील. अट एकच, केस कापायचे. राजाला आंबाडा नसतो.

शब्द सुपडूला जड गेले नाहीत. त्याने ते इंग्रजी डफाच्या ठेक्यावर बसवलं आणि पाठ केलं. सुट्टीत बागेत पाणी भरताना तो मोठ्याने म्हणायचा. सालदार गड्याने नानांना जाऊन सांगितलं की पोरगा केळींना साहेबाच्या भाषेत शिव्या देतो. नाना बैलाला म्हणाले, "साहेब गेले. हा आता शिकला."

अडलं दुसरीकडेच. एका दुपारी रिकाम्या वर्गात सर त्याच्याकडून ते म्हणवून घेत होते आणि मी बाकावर बसलो होतो. सुपडू मध्येच थांबला. म्हणाला, "सर, याची बायको मेली ना? मग हा रडत का नाही?"

मला उत्तर पाठ होतं, गाइडमध्ये होतं. पण सर बोलले. "तो सुन्न झालाय, पाटील."

"मग हात कुठे ठेवायचे?"

सरांना कळलं नाही. सुपडूने समजावून सांगितलं. रडणाऱ्या माणसाचे हात कपाळाला जातात, छातीला जातात, मातीत जातात. हातांना काम असतं. या राजाला काही कामच नाही. सुन्न माणसाचे हात कुठे असतात?

सरांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "तलवारीच्या मुठीवर ठेव."

"आपल्याजवळ तलवार नाही सर."

त्यानंतर त्याचं रोज वेगळं सुरू झालं. सकाळी ठरायचं राजा, संध्याकाळी ठरायचं सोंग. वहीच्या मंडळाचे म्होरके झिपा आबा मुद्दाम पिंप्राळ्याला आले, केळीचा घड घेऊन. ओसरीवर बसून त्यांनी सुपडूला समजावलं. सुपडूचं सोंग त्यांनीच बसवलेलं, झीलही तेच धरायचे. म्हणाले, "तुहं जे हाये ते दाखव. रडतीन ते मुंबईवाले. साहेबाच्या राजाचं दुःख तुले कायले पाहिजे?" सुपडूने मला विचारलं. मी शेक्सपिअर म्हणालो. ते वरचं आहे आणि सोंग खालचं आहे, असं मला सरळ वाटत होतं. त्याने माझ्या आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. पोट ज्याने भरेल ते कर, म्हणाली. केस कापायला तो दोनदा न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेला आणि परत आला.

मार्च महिना असेल. रविवार होता, कारण सुपडू केस वाळवत बसला होता. सावद्याच्या केळीच्या व्यापाऱ्याचा माणूस गाडीने जळगावला आला होता, तो फाटकाकडून चालत आला आणि कुंपणाशीच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. मग म्हणाला, "नाना गेले. पानी भरता भरता."

सुपडूने केस झटकले, गुंडाळले, टोपी घातली. "बैलं कोनी सोडले का?" त्याने विचारलं. त्या माणसाला ते माहीत नव्हतं.

मी त्याच्याबरोबर गेलो. आईने पाठवलं. भुसावळला गाडी बदलली. सुपडू खिडकीशी बसून येईल त्या स्टेशनाचं नाव सांगत होता, मला ती नावं माहीत असूनही. समोरच्या माणसाने हरभरे पुढे केले, ते त्याने घेतले आणि खाल्ले. सावदा स्टेशनवरून टांग्याने गावात आलो. घराच्या आधी सूर ऐकू आला. मला सवयीने वाटलं, आता हा मान तिरपी करेल. त्याने केली नाही.

अंगणात नाना होते. भोवती बायका, भिंतीशी पुरुष. सुपडू आला आणि सूर खाली गेला. बायकांनी वाट करून दिली. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण ज्याने दर आखाजीला सगळ्या गावाला रडवलं तो आता स्वतःच्या बापापाशी आला होता. ते बघत होते. सुपडू उभा राहिला. नानांच्या पायांना चिखल होता, तो वाळला होता. सुपडू तिकडे बघत होता. त्याच्या हातात टोपी होती. ती त्याने या हातातून त्या हातात घेतली, मग पुन्हा या हातात.

शेवटी अक्का म्हणाली, "रड रे बापा. लोकाच्या नवऱ्यासाठी रडला. आपल्या बापासाठी एक हुंदका नाही?"

सुपडू खाली बसला. आंबाडा सुटला होता, केस पुढे आले. आणि त्याने सूर काढला.

"उठा ना नाना, बैल खोयंबले दारी."

तोच सूर. तीच जागा, जिथे आवाज किंचित फाटायचा. अंगणातल्या बायकांनी एकदम हंबरडा फोडला. अक्काने कपाळ आपटलं. आणि भिंतीशी बसलेल्या झिपा आबांनी झील धरली, "खोयंबले दारी."

त्यांनी ती मुद्दाम धरली नाही. ते खरंच रडत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं तो सूर संपला की त्यांचं तोंड उघडायचं, ते उघडलं. शेजारच्या दोघांनीही आवाज दिला. सुपडूने मान वर केली आणि आबांकडे पाहिलं. दुसरी ओळ आली नाही. आबांना कळलं, त्यांनी तोंडात उपरणं कोंबलं. बायकांना काही कळलं नाही, त्या रडतच होत्या. सुपडू उठला आणि गोठ्यात गेला. बैल तहानलेले होते. त्याने दोघांना पाणी पाजलं आणि मग पुरुषांमध्ये येऊन बसला.

पुन्हा तो रडला नाही. चितेपाशी नाही, घरी आल्यावर नाही.

दहाव्याला मी परत गेलो. नदीवर न्हाव्याने त्याचे केस उतरवले. इतके लांब केस पुरुषाच्या डोक्यावरून त्या न्हाव्याने कधी काढले नसावेत, तो वस्तरा थांबवून थांबवून बघत होता. केस नदीत सोडले. पाणी घोट्याइतकं होतं, ते पुढे गेले नाहीत, दगडाला अडकून तिथेच हलत राहिले. चुलते म्हणाले, आता बागेकडे बघ. सुपडू म्हणाला, "धुयाले जाऊन येतो. बाग कुठी पयून जाते."

गंधमुक्ती होऊन सुतक संपलं आणि थोड्याच दिवसांत आम्ही एसटीने धुळ्याला निघालो. वैद्य सर आजारी होते, म्हणून बरोबर मी. पारोळ्याला गाडी थांबली. मी विचारलं, काय म्हणणार आहेस? त्याने सांगितलं, राजा. मला बरं वाटलं.

तिथल्या एका शाळेच्या सभागृहात परीक्षा होती. बाहेर व्हरांड्यात मुलं तोंडाला रंग लावून बसली होती, एकाच्या कमरेला लाकडी तलवारही होती. सुपडू मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून भिंतीशी बसला. दुपार टळली, बाकी सगळी मुलं आत जाऊन आली, तेव्हा शिपाई आला, म्हणाला, "बठ्ठासना नंबर लागी गया, तूच ऱ्हायना. चाल बरं." सुपडूने टोपी माझ्याजवळ दिली आणि आत गेला. मी खिडकीशी उभा राहिलो.

त्याने आधी खुर्ची मागितली. परीक्षक तिघे होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण खुर्ची दिली. तो बसला. दोन्ही हात त्याने मांडीवर पालथे ठेवले, मयतीच्या घरी पुरुष बसतात तसे, आणि म्हणायला सुरुवात केली. डफाचा ठेका गेला होता. चढ नाही, उतार नाही. इंग्रजी त्याचं सावद्याचंच होतं. तो समोरच्या भिंतीकडे बघून एकेक शब्द बाहेर ठेवत गेला. हात एकदाही हलले नाहीत. मग थांबला. संपलं हे तिघांना जरा उशिराच कळलं.

ते चांगलं होतं की वाईट, मला सांगता येणार नाही. मी बी.ए.ला ते स्वगत अभ्यासलं, पुढे बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी येत नाही. मधले परीक्षक वयस्क होते, प्रेमळ दिसत होते. ते म्हणाले, राजा बसून बोलत नाही, आणि भावना कुठे आहे? मग समोरचा कागद बघून म्हणाले, "तुमच्या प्राध्यापकांनी कळवलंय, तुम्ही विधवेच्या विलापाचं एक सोंग फार उत्तम करता. ते दाखवा. आम्हाला तेच पाहायचंय."

मी खिडकीबाहेर होतो, पण मला उडी मारून आत जावंसं वाटलं. दोन ओळी. मुंबई दोन ओळींवर आली होती, आणि त्या ओळी त्याला झोपेतही येत होत्या.

सुपडू म्हणाला, "ते घरी होऊन गेलं साहेब."

"म्हणजे?"

"होऊन गेलं."

"अहो, नुसती एक ओळ म्हणा. आवाज ऐकू द्या."

"नाही," सुपडू म्हणाला. उद्धटपणे नाही. केळीला गिऱ्हाईक आलं आणि माल आधीच गेलेला असला तर सांगतात तसं. त्याने नमस्कार केला, खुर्ची उचलून जिथून आणली होती तिथे ठेवली आणि बाहेर आला. टोपी मागून घेतली. परतीच्या एसटीत मी त्याला बरंच बोललो. तो शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होता.

निवड झाली नाही. कॉलेजही त्याने सोडलं. बाग करू लागला, अक्काला सांभाळलं, लग्न केलं. त्याचं सोंग दुसरा कोणीतरी टोप लावून करायला लागला. लोक सांगत की बरं करतो. आखाजीच्या रात्री सुपडू गावात थांबत नसे. घोंगडी घेऊन बागेत झोपायला जाई.

सत्तर साली माझी आई गेली. निरोप मी कोणाकोणाला पाठवला हे मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी लोक दारावर येत होते. आमच्याकडे असं घरी येऊन बसण्याला दारावर येणं म्हणतात. पुरुष येतात, ओसरीवर बसतात, कोणी काही बोलत नाही, मग उठून जातात. मी जाजमावर बसलो होतो. शिकलेला मुलगा, मास्तर, सगळं नीट करत होतो. लोकांना पाणी विचारत होतो. मला काहीच होत नव्हतं. माझे हात मात्र जाजमाचे दोरे उपसत होते, कोपऱ्यापासून चांगलं वीतभर उसवलं होतं.

सुपडू आला. जाड झाला होता, केस बारीक कापलेले, कानाजवळ पिकायला लागलेले. येऊन माझ्याशेजारी बसला. आत माझ्या बहिणीने सूर काढला. त्याने तिकडे मान वळवली नाही. मग त्याने माझा हात धरून जाजमावरून उचलला आणि माझ्या मांडीवर पालथा ठेवला. मग दुसरा.

"अठी ठेव," तो हळूच म्हणाला. "अठीच ठेवतात."

थोड्या वेळाने तो उठला, पायताण घातलं. त्याला भुसावळची गाडी गाठायची होती. मी फाटकाकडे जाणाऱ्या त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. हात मी हलवले नाहीत.